हॅन्ड व्हॅक्यूमची बॅटरी 'गेली' म्हणण्याआधी तिचे जोड बघा

चोपड्याच्या एका ताईंनी विचारलंय. घर आणि गाडी साफ करायला घेतलेलं बिनवायरचं हॅन्ड व्हॅक्यूम, दोन वर्षं वापरलेलं. चार्जरला लावलं की हिरवा दिवा येतो, म्हणजे चार्जिंग पूर्ण. पण बटण दाबलं की पाच-सहा सेकंद जोरात चालतं आणि गप्प होतं. थोडा वेळ थांबून दाबलं की पुन्हा तोच प्रकार. दुकानदार म्हणाला बॅटरी गेली, आणि या मॉडेलची बॅटरी आता येत नाही. ताईंनी स्वतःच स्क्रू काढून मशीन उघडलं. आत तीन गोल सेल, त्यातल्या एकाच्या प्लसच्या टोकावरची पत्र्याची पट्टी अर्धवट सुटलेली, शेजारी तपकिरी डाग, आणि सेलवरचं प्लास्टिकचं वेष्टण तेवढ्या भागात आकसलेलं. घरात २५ वॅटची सोल्डर गन आहे, तिने पट्टी चिकटवली तर चालेल का, हा त्यांचा प्रश्न.

ताई, सेलवर थेट गन लावू नका. बाकी तुमचं निम्मं काम झालेलं आहे, कारण दोष तुम्हाला डोळ्यांनी दिसला. माझ्या टेबलावर ड्रिल, ट्रिमर, व्हॅक्यूम असली बॅटरीची यंत्रं रोज येतात. 'भाऊ, मशीन बंद पडी गयं, बॅटरी टाकी द्या' असं म्हणत माणूस येतो, आणि उघडून बघावं तर पुष्कळदा सेल ठणठणीत असतात. गेलेला असतो तो जोड.

आधी हे पाच-सहा सेकंदांचं कोडं सोडवू. तीन लिथियम सेलांचा पॅक म्हणजे ११.१ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर १२.६. असलं मशीन साधारण १०० वॅटचं धरलं तर मोटर नऊ अँपिअर ओढते. आता सुटलेल्या पट्टीचा जेमतेम टेकलेला जोड घ्या. त्याचा रोध एक दशांश ओम झाला असेल, म्हणजे साध्या मीटरवर शून्यच वाटेल इतका. नऊ अँपिअर त्यातून गेले की तिथेच ०.९ व्होल्ट खर्च होतात आणि आठ वॅट उष्णता तयार होते. नखाएवढ्या जागेत आठ वॅट! तो तपकिरी डाग आणि आकसलेलं वेष्टण त्यातूनच आलंय. जोड तापला की रोध आणखी वाढतो, मोटरपर्यंत पोचणारं व्होल्टेज घसरतं, आणि पॅकवरची संरक्षणाची पाटी, जिला आम्ही बीएमएस म्हणतो, ती सेल रिकामे झाले असं समजून पुरवठा तोडते. किंवा पट्टीच फुगून सेलपासून सुटते. थंड झाल्यावर पुन्हा टेकते, म्हणून मशीन पुन्हा चालू होतं.

हिरव्या दिव्याला फसू नका. चार्जिंग एक-दोन अँपिअरच्या आत होतं, कधी अर्ध्याच. तेवढ्याला खराब जोडही पुरतो. म्हणून चार्जर म्हणतो सगळं बरं आहे. मीटरही तेच म्हणतो: बंद मशीनच्या पॅकला मीटर लावला की १२.४ दाखवतो आणि दुकानदार म्हणतो, 'व्होल्टेज तर आहे, मग सेलच कमजोर.' बैल गोठ्यात उभा असताना त्याच्या अंगात किती जोर आहे ते कळत नाही, मानेवर जू आलं की कळतं. पॅकचं तसंच आहे. मोजायचं ते भार घालून.

भार म्हणून मशीनची स्वतःची मोटर चालते, पण उघडलेल्या मशीनमध्ये ती थरथरते आणि पंखा बोट शोधत असतो. त्यापेक्षा चारचाकीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॅटचा बल्ब घ्या. तो साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो, आवाज करत नाही, आणि जोड हलला की प्रकाश मंद होऊन सांगतो. बल्बला दोन वायर नीट सोल्डर करून ठेवा. बल्ब फार तापतो, तो फरशीवर ठेवा, प्लास्टिकवर किंवा कपड्यावर नको. बल्ब पॅकच्या बाहेर जाणाऱ्या दोन वायरींना जोडा, थेट सेलला नाही, म्हणजे बीएमएस मध्ये राहते. एकेका मापाला दहा-पंधरा सेकंद पुरतात. सुटलेली पट्टी मापापुरती लाकडी काडीने दाबून धरा. धूर किंवा ठिणगी दिसली की लगेच थांबा.

मीटर डीसी २० व्होल्टवर. बल्ब पेटलेला असताना आधी एकेक सेल मोजा, आणि मोजताना मीटरच्या पिना पट्टीवर नाही, सेलच्या स्वतःच्या धातूवर टेकवा. पट्टीच्या कडेला सेलची टोपी थोडी उघडी असते, तिथे. सेल चांगला असेल तर भार नसताना ४.१ असलेला भाराखाली ४.० किंवा ३.९ पर्यंत येईल आणि तिथे टिकेल. चांगल्या १८६५० सेलचा (१८ मिलिमीटर जाड, ६५ लांब असा गोल सेल) अंतर्गत रोध २० ते ५० मिलिओमच्या, म्हणजे ओमच्या हजाराव्या भागांच्या, आत असतो, त्यामुळे एवढी घसरण हिशोबातली आहे. पण एखादा सेल ४.१ वरून सरळ तीनच्या खाली कोसळला तर तो सेल खरंच गेलाय, आणि जोड कितीही सुंदर करा, मशीन चालणार नाही.

तिन्ही सेल टिकले तर पुढचं माप मजेचं आहे. मीटर २ व्होल्टच्या किंवा २०० मिलिव्होल्टच्या टप्प्यावर घ्या. एक पिन सेलच्या टोपीवर, दुसरी त्याच टोपीवर बसलेल्या पट्टीवर. दोन्ही एकमेकांना चिकटलेले धातू, म्हणजे फरक जवळजवळ शून्य यायला हवा. चांगल्या वेल्डवर चार-दोन मिलिव्होल्ट दिसतात. पन्नासच्या वर गेलं की मी तो जोड खराब धरतो. तुमच्या सुटलेल्या पट्टीवर काहीशे दिसले तर मला नवल वाटणार नाही. असंच पुढे सरकत जायचं: पट्टी ते पाटी, पाटी ते लाल वायर, वायर ते कनेक्टर, कनेक्टर ते स्विच. व्होल्ट जिथे हरवतात तिथे दोष. या एका मापाने मशीनमधला प्रत्येक जोड बोलका होतो, आणि ते माप न घेता नवी बॅटरी टाकणाऱ्याच्या हाती पुन्हा तेच बंद मशीन येतं.

आता सोल्डर का नको ते सांगतो, कारण यूट्यूबवर सर्रास मारताना दिसतात आणि ताई, तुम्हालाही ते दिसलं असणार.

सेल म्हणजे गुंडाळी आहे. धातूचे दोन पातळ पत्रे आणि मध्ये प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा, ज्याला सेपरेटर म्हणतात. पॉलिएथिलीनचा हा पडदा १३० अंशांच्या आसपास वितळू लागतो. सोल्डर, म्हणजे आपला शिसे-कथलाचा डाख, १८३ अंशांना वितळतो, शिसं नसलेला २१७ च्या पुढे, आणि गनची टीप ३५० ला असते. सेलचं टोक सगळी उष्णता शोषून घेणारा धातूचा गोळा आहे. २५ वॅटची गन त्याला तापवू शकत नाही, म्हणून माणूस ती दहा-पंधरा सेकंद दाबून धरतो, आणि तेवढ्या वेळात उष्णता आत उतरते. प्लसच्या टोकाला तर आणखी भानगड: टोपीखाली दाब वाढल्यास वायू सोडणारी झडप असते आणि टोपीला डब्यापासून वेगळं ठेवणारी प्लास्टिकची कडी असते. ती कडी मऊ पडली की सेल त्या दिवशी चालतो, पण पुढे पाझरतो. त्यामुळे 'मी सोल्डर केलं आणि काही झालं नाही' हा पुरावा नाही.

छोट्या गनने सेलला कमी धोका, असं लोकांना वाटतं. उलट आहे. नाइलाजाने करायचंच झालं तर मोठी, जाड टिपेची ६० ते ८० वॅटची गन लागते जी एक-दोन सेकंदात काम करून निघते. पण मी ते सुचवत नाही, कारण वेल्ड करून देणारी माणसं आता जवळपास मिळतात. जळगाव, धुळे, भुसावळ इथे ई-बाईकच्या बॅटऱ्या बांधणारे आहेत. त्यांच्याकडे स्पॉट वेल्डिंगचं मशीन असतंच. काही मोबाइलवाल्यांकडेही आता हातात धरायचं छोटं वेल्डर दिसतं. स्पॉट वेल्डमध्ये हजारो अँपिअरपर्यंतचा झटका सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरता जातो. पट्टी आणि टोपी बिंदूपुरतीच वितळून एकजीव होतात, आणि बोट लावलं तर सेल गारच लागतो.

पण वेल्डवाल्याकडे जाण्याआधीचं काम तुमचं आहे, आणि ते नीट केलं नाही तर तो घाईत काहीतरी करून देईल.

बांगड्या, अंगठी, गळ्यातलं काढून ठेवा. हा उपदेश नाही. १८६५० सेल शॉर्ट झाला तर काही क्षण पन्नास अँपिअरच्या वर सहज देतो आणि सोन्याची अंगठी बोटासकट भाजते. काम दगडी फरशीवर किंवा ओट्यावर करा, शेजारी वाळूची बादली ठेवा, आणि मुलांना बाहेर पिटाळा. पॅक पूर्ण भरलेला नको. तोच हेडलाइटचा बल्ब लावून तीन सेल मिळून ११ व्होल्टच्या आसपास येईपर्यंत उतरवा, पण जोड तापतोय का ते हात जवळ नेऊन बघत, थांबत थांबत. पट्टी टिकतच नसेल तर उतरवण्याचं राहू द्या आणि दुप्पट जपून काम करा.

वायर सोडवताना एकावेळी एकच. लाल आणि काळी एकत्र कटरने कापू नका. कटरच्या पात्यातून दोन्ही जोडल्या जातात आणि पात्याला खाच पडते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात ते वेगळंच. कापलेलं टोक लगेच टेपने बंद करायचं, मगच पुढची वायर. बीएमएसच्या पाटीवर कुठली बारीक वायर कुठे आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दोन सेलांच्या मधून निघणाऱ्या त्या बारीक वायरी अदलाबदल झाल्या तर पाटी जळते.

सुटलेली पट्टी ओरबाडू नका. चपट्या पक्कडीने कडेला धरून, सरळ वर न ओढता, आडवी फिरवत सोलायची, म्हणजे टोपीला भोक पडत नाही. राहिलेले वेल्डचे टोचरे कानस किंवा बारीक पॉलिश पेपरने हलकेच खाली बसवा आणि भुकटी पुसून घ्या. ती भुकटीही वीज वाहते.

यानंतर सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. सेलचा सगळा डबा मायनस असतो, खालचा बूडच नव्हे. प्लसच्या टोपीच्या भोवती जी कड आहे तीही मायनस, आणि दोघांमध्ये जेमतेम एक-दोन मिलिमीटर अंतर. तिथे पांढरी किंवा हिरवट कागदी रिंग आणि वरचं वेष्टण एवढंच रक्षण. तुमच्या सेलचं वेष्टण त्याच टोकाला आकसलंय. तसंच ठेवून नवी पट्टी वेल्ड केली आणि पट्टी कंपनाने कडेवर घासली, तर सेल स्वतःतच शॉर्ट. म्हणून जुनं वेष्टण ब्लेडने न कापता (डब्याला ओरखडा नको) नखाने फाडून काढा, नवी कागदी रिंग बसवा, नवी पीव्हीसीची स्लीव्ह चढवून हेअर ड्रायरने आकसवा. या रिंगा आणि स्लीव्ह जळगावात गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी मोबाइलचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे चौकशी केली तर मिळतात, ऑनलाइन तर मिळतातच. टोपीवर किंवा कडेला ओलसर चिकट डाग असेल, किंवा सेलला गोडसर, नेलपॉलिशसारखा वास येत असेल, तर तो सेल पाझरलाय. त्याला वेल्ड करू नका, पॅकमधून बाद करा.

पट्टी शुद्ध निकेलची घ्या. बाजारात निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी त्याच नावाने विकतात, दिसायला सारखीच. चुंबकाने ओळखता येत नाही, कारण निकेललाही चुंबक लागतं. ग्राइंडरवर टोक लावून बघा: लोखंडाच्या ठिणग्या उडतात, निकेलच्या नाहीत. ग्राइंडर नसेल तर पट्टीवर खोल ओरखडा ओढून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी तांबूस गंज दिसला तर लोखंड. लोखंडी पट्टीचा रोध साधारण दुप्पट, म्हणजे तापणंही दुप्पट. ८ मिलिमीटर रुंद आणि ०.१५ मिलिमीटर जाड शुद्ध निकेलची पट्टी पाच ते सात अँपिअर आरामात वाहते. तुमच्या नऊ अँपिअरच्या मशीनला एकावर एक दोन घाला.

आणि ही युक्ती लक्षात ठेवा: पट्टीला वायर लावायची असेल तर ती घरीच, पट्टी सुटी असतानाच सोल्डर करा, मग पट्टी घेऊन वेल्डवाल्याकडे जा. तुमची २५ वॅटची गन इथे पुरते, कारण पातळ पट्टी पटकन तापते आणि सेल जवळपास कुठे नाही. पट्टी पॉलिश पेपरने घासून घ्या, फ्लक्स म्हणून राळ वापरा. पत्रेवाल्यांकडची आम्लाची पेस्ट नको, ती मागे राहून तांबं खाते. वायर सिलिकॉनच्या आवरणाची, खूप बारीक तारांची, दीड चौरस मिलिमीटरची. सोल्डर वायरीत फार वर चढू देऊ नका. जिथे कडक भाग संपतो आणि लवचीक सुरू होतो तिथेच मोटरच्या थरथरीने वायर तुटते. तुटलेल्या वायरी मी बघतो त्या बहुतेक त्याच रेषेवर तुटलेल्या असतात, आवरण शाबूत आणि आत तारा तुटक्या.

वेल्ड झाल्यावर तिथेच, त्या माणसासमोर, नखाने पट्टीची कड उचलून बघा. निघाली तर परत मारायला सांगा. लाजू नका. चांगल्या वेल्डची पट्टी ओढून काढली तर पट्टी फाटते, बिंदू सेलवरच राहतात. त्याच्याकडच्या एखाद्या भंगार सेलवर तेवढं एक करून दाखवायला लावा. कमीत कमी चार बिंदू हवेत.

परत जोडताना आधी मुख्य मायनस, मग मधल्या बारीक वायरी खालून वर क्रमाने, शेवटी मुख्य प्लस. सगळं जोडलं आणि बाहेरच्या वायरींवर शून्य व्होल्ट आले तर घाबरू नका, सेल मेले नाहीत. पुष्कळ बीएमएस पाट्या वीज तुटली की कुलूप लावून बसतात आणि चार्जर क्षणभर लावला की उघडतात. एवढं न कळल्याने चांगला दुरुस्त केलेला पॅक भंगारात गेलेला मी पाहिलाय.

जागेवर बसवताना पॅक हलता कामा नये. पट्ट्यांवर कॅप्टॉनची पिवळी टेप किंवा जाड इन्सुलेशन कागद, बाजूने फोमची पट्टी. ग्लू गनचा गोंद पुण्या-नाशकात चालून जाईल, आपल्याकडे बंद गाडीत मे महिन्यात तो मऊ पडतो. सिलिकॉन वापरायचं तर व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, त्यातल्या आम्लाने तांबं हिरवं पडतं. बिनवासाचं मिळतं. आणि चॉकलेटची किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी घडी करून पट्टीखाली सरकवणं, वरून रबर बांधणं, एमसील थापणं, यातलं काहीही नको. चांदीचा तो कपटा एक दिवस त्या एक-दोन मिलिमीटरच्या फटीत जाऊन पडतो.

पट्टी दिसली म्हणून बाकीचे जोड निर्दोष असं नाही, म्हणून वर मिलिव्होल्टची माळ सांगितली. पॅक आणि मोटर यांच्यामध्ये पांढरा दोन पिनांचा कनेक्टर असेल तर त्याचा प्लास्टिक रंग बघा. पिवळट-तपकिरी झाला असेल तर आतली मादी पिन सैल होऊन तापते आहे. टाचणीने आवळून आठवडाभर चालतं, कायमचं करायचं तर एक्सटी ३० सारखा पितळी कनेक्टर टाका. बॅटरी काढघाल करायची मशीन असतात, त्यांच्या पात्यांवर आपल्याकडची काळ्या मातीची धूळ आणि जिनिंगच्या पट्ट्यात राहणाऱ्यांच्या मशीनमध्ये कापसाचा तंतू बसतो, पावसाळ्यात तो ओल धरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, हट्टी डाग खोडरबराने घासा. पॉलिश पेपर तिथे नको, वरचा मुलामा गेला की पातं महिन्याभरात काळं पडतं. जुन्या निकेल-कॅडमियम किंवा निकेल-मेटल हायड्राइड पॅकवर पांढरी पावडर दिसली तर तो अल्कली असतो. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर कापसाच्या बोळ्याने लावून मग कोरडं पुसायचं. लिथियमवर हा उपाय करायचा नाही.

फिल्टर तुंबल्याने जास्त करंट ओढला जाऊन बॅटरी बसते असं पुष्कळ जण सांगतात. साध्या ब्रश मोटरच्या मशीनमध्ये तसं होत नाही. हवा अडली की पंख्यावरचा भार कमी होतो, मोटर जास्त फिरते, आवाज चिरका होतो आणि करंट उलट कमी होतो. मरते ती मोटर, कारण तिला थंड करणारी हवाच बंद झालेली असते. फिल्टर धुवा, पण बॅटरीच्या दुखण्याचं औषध म्हणून नको.

आता आपल्या भागाचं एक. लिथियम सेल चार्ज करायची मर्यादा साधारण शून्य ते ४५ अंश. जळगाव-भुसावळकडे मेच्या दुपारी सावलीतच पारा ४५ गाठतो, आणि नुकतंच वापरलेलं मशीन त्याहून गरम. पॅकवर टेपखाली चिकटवलेला छोटा मणी म्हणजे थर्मिस्टर असतो, तो तापमान सांगतो आणि चार्जर नकार देतो. दिवा लाल लुकलुकतो. उन्हाळ्यात 'चार्ज होत नाही' म्हणून आलेली कित्येक मशीन मी काहीही न करता संध्याकाळी कूलरसमोर चार्जिंगला लावतो. रात्रीही नकार आला तर त्या मण्याची वायर तुटलीय का बघायचं. बहुतेक मणी २५ अंशांना दहा हजार ओम दाखवतात, गरम झाले की कमी. मीटरवर काहीच आलं नाही तर वायर तुटलेली, आणि चार्जरला वाटतं बाहेर बर्फ पडलाय. गाडी साफ करून मशीन डिकीतच सोडायची सवय असेल तर ती मोडा. बंद गाडी उन्हात साठ अंशांच्या वर जाते. महिनाभर वापरायचं नसेल तर अर्धं चार्ज करून घरातल्या गार कपाटात ठेवा.

आणि माप घेतल्यावर एखादा सेल खरंच गेलेला निघाला तर? मग तिन्ही बदला, एकटा नवा दोन जुन्यांबरोबर जोडू नका. सेल जास्त करंट देणारा हवा, निदान १५-२० अँपिअरचा. भंगार लॅपटॉपमधले सेल टाकायचा मोह होतो, पण ते बहुधा पाच अँपिअरच्या आसपासचे असतात, व्हॅक्यूममध्ये गरम होऊन पडतात. वेष्टणावर ९९०० एमएएच छापलंय तो सेल हातात घेऊन परत ठेवा. १८६५० मध्ये ३५०० च्या आसपास आलं तरी ते उत्तम. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आगेमागे भरतो, नकली पुष्कळदा तीसच्या आसपास. सराफांच्या जळगावात बारीक काट्याची कमतरता नाही. वेष्टणावर किंवा खोक्यावर आयएस १६०४६ चा बीआयएस शिक्का बघा. जोडण्याआधी तिघांचं व्होल्टेज ०.०५ च्या आत जुळवून घ्या.

काढलेले सेल घंटागाडीत टाकू नका. दोन्ही टोकांना टेप लावा, एकेकटे पिशवीत ठेवा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, त्यामुळे मशीनच्या सेवा केंद्राला विचारा. नाहीतर ई-कचरा गोळा करणारा अधिकृत माणूस गाठा. भंगारवाल्याच्या हातोड्याखाली लिथियम सेल गेला तर तो तिथेच पेटतो.

ताई, तुमच्या वर्णनावरून, तुमचे सेल माझ्या मते चांगले निघतील. बल्ब लावून तीन सेलांची मापं घ्या आणि भाराखालचे आकडे कळवा. तिघांमध्ये ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक नसेल तर पट्टी, रिंग, स्लीव्ह एवढंच सामान घेऊन वेल्डवाल्याकडे जा. फरक जास्त असेल तर त्याच्याकडे आत्ता जाऊ नका, आधी मला आकडे दाखवा.